वाटीवाटीनं पाणी

हिराकाकी, काल आश्रमात तुझी शोकसभा झाली. तू असतीस तर तोंडाला पदर लावून हसली असतीस. ज्या शेडमध्ये तू कधी खुर्चीवर बसली नाहीस, तिथे तुझा फोटो खुर्चीवर होता आणि आम्ही सगळे खाली सतरंजीवर. फोटो मतदानाच्या ओळखपत्रावरून मोठा करून आणलेला. त्यात तू रागावलेली दिसतेस, म्हणजे अगदी तुझ्यासारखीच दिसतेस. पलीकडे कुंपणात आपला म्हातारा डुक्कर, जिताडा, फाटकाकडे तोंड करून पडला होता. तू गेल्यापासून तो अर्धंच खातो.

पहिल्या बोलल्या बाईसाहेब. जागा त्यांची, जखमी नि टाकून दिलेल्या जनावरांसाठी आश्रम काढला तो त्यांनी, आणि तुला कामावर ठेवलं तेही त्यांनीच. त्यांनी तुझं तोंडभरून कौतुक केलं आणि शेवटी म्हणाल्या, "इतक्या वर्षांत हिराबाईंच्या हातून एकच चूक झाली. ती दोन डुकरं दगावली तेव्हाची. पण त्यांनी स्वतः येऊन ती कबूल केली. असं माणूस आता मिळायचं नाही."

त्यांच्यानंतर माझी पाळी होती. मी उठले आणि तू डुकरांना माशांची नावं कशी दिलीस ते सांगितलं. लोक हसले. बाईसाहेबांनी हसताहसता डोळे पुसले. मी खाली बसले.

ती चूक तुझी नव्हती, काकी. माझी होती. तुला ते माहीत होतं, आणि तुला माहीत आहे हे मला माहीत होतं. एवढी वर्षं आपण त्या शेडमध्ये बसून चहा प्यायलो, जगातल्या प्रत्येक गोष्टीवरून भांडलो, आणि या एका गोष्टीवर दोघींनीही शब्द काढला नाही. काल पुन्हा तेच झालं. रात्री झोप लागली नाही, आणि आज सकाळी जे केलं ते तुला सांगायचं आहे. पण ते नीट समजायला मला आधी मागे जायला हवं.

ती चौघं आली तो दिवस तुला आठवत असेलच. बंदर तेव्हा नवंनवं होतं, जासईच्या रस्त्याला कंटेनरच्या गाड्यांची रांग लागायला लागली होती, आणि पनवेलच्या आजूबाजूला जो तो पैसेवाला फार्महाऊस बांधत होता. गाढी नदीपलीकडच्या अशाच एका फार्महाऊसच्या मालकाने मुलाच्या वाढदिवसाला परदेशी जातीची चार डुकराची पिल्लं आणवली. ही एवढीशीच राहतात, मांडीवर घेऊन बसायचं, असं त्याला कुणीतरी सांगितलेलं. वर्षभरात त्यांची पोटं जमिनीला टेकली, बागेतली हिरवळ उकरून झाली आणि मुलाची हौसही फिटली. एके दिवशी तिथल्या वॉचमनने चौघांना टेम्पोत घालून आपल्या फाटकात आणून सोडलं. काळी, सुरकुतलेल्या तोंडांची, ढेरपोटी. चालली की पोटाची रेघ मातीत उमटायची.

तू लांबूनच पाहिलंस आणि बाईसाहेबांना सांगितलंस, "मी कुत्र्याचं करीन, गाढवाचं करीन. डुकराचं करनार नाय."

मी तेव्हा नुकतीच आश्रमात यायला लागले होते. तहसील कचेरीतली कारकून, दर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी पुण्य कमवायला येणारी. मी तुला वराह अवताराची गोष्ट सांगितली. तू शांतपणे ऐकून घेतलीस आणि म्हणालीस, "मंग तू कर." मी केलं. एक दिवस. दुसऱ्या रविवारी आले तर तू खाली बसून सगळ्यात मोठ्याच्या पाठीला खोबरेल तेल चोळत होतीस. उन्हाने त्याच्या कातडीला भेगा पडल्या होत्या. मी काही म्हणायच्या आत तूच म्हणालीस, मिठागरात आमचे पाय असेच फुटायचे, तेव्हा आम्हाला कोणी तेल लावलं नाही, म्हणून काय याला पण नाही लावायचं?

तेव्हा मला कळलं की तू मिठागरातली. जासईकडे सासर, करंजाला माहेर. तरुणपणी डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहिलेल्या, मिठागर बंद झाल्यावर पनवेलला मुलाकडे आलेली. मी तुला तुम्ही म्हणायला गेले तर तू मला गप्प केलंस. तुमी बोललीस की कचेरीत आल्यागत वाटतं, म्हणालीस. तेव्हापासून तू काकी, मी बाय.

डुकरांची नावं तू माहेरून आणलीस. मोठा नर तो जिताडा. तिरकी चालायची ती चिंबोरी. चिखल सोडायची नाही ती निवटी. आणि सगळ्यात लहान, पाठीला बाक असलेली, ती कोळंबी. अहिंसेच्या आश्रमात माशांची नावं म्हणजे काय, असं मी म्हटलं. तू म्हणालीस, मला देवांची नावं घेऊन शिव्या देता यायच्या नाहीत. आणि शिव्या तर तू त्यांना दिवसभर द्यायचीस. घरी परतल्यावर सून तुला मागच्या अंगणात दोन बादल्या अंगावर घेतल्याशिवाय आत येऊ द्यायची नाही, अगदी थंडीतसुद्धा. मला तिचा राग यायचा. तुला यायचा नाही. तिचं बरोबर आहे, म्हणायचीस, तिला काय माहीत यांचा वास मला आता येत नाही ते.

आपलं खरं भांडण होतं ते खाण्यावरून. गावातल्या एका मंगल कार्यालयाशी मी बोलून ठेवलं होतं. लग्नाच्या पंगतीतलं उरलेलं अन्न ते पिंपांतून आपल्याकडे पाठवायचे. केवढी अभिमानाची गोष्ट वाटायची मला ती. तुला ते पसंत नव्हतं. त्यात लोणचं असतं, पापड असतात, भाजी खारट असते. डुकराला मीठ सोसत नाही, असं तू पुन्हा पुन्हा सांगायचीस. मी म्हणायचे, काकी, तुला सगळीकडे मीठच दिसतं. शेवटी तह झाला. पिंप आलं की तू हाताने लोणचं नि पापड निवडून काढायचीस, भात पाण्यात खळबळून घ्यायचीस, आणि त्यांच्या प्यायच्या दगडी डोणीत पाणी भरलेलं असेल तरच घालायचीस.

पाण्याचाही तुझा एक नियम होता. कधी वीज गेली, मोटर बंद पडली आणि डोणी कोरडी राहिली, तर पाणी आल्यावर तू ती लगेच भरायची नाहीस. कोपऱ्यात टांगलेली जर्मनची वाटी काढायचीस. प्रत्येकाला एक वाटी. मग तंबाखूची चिमूट मळायचीस, दाढेत धरायचीस, आणि तेवढा वेळ गेला की दुसरी वाटी. ती बिचारी किंचाळायची, कुंपणाला धडका द्यायची. मला ऐकवायचं नाही. एकदा मी न राहवून विचारलं, एवढं काय छळतेस त्यांना? तू म्हणालीस, "मिठागरातून आलेल्या मानसाला पन पानी असंच द्यायचं. वाटीवाटीनं. एकदम नाय." मला वाटलं, जुन्या माणसांचं काहीतरी असतं.

त्या मे महिन्यात करंजाला तुझ्या भावाच्या मुलीचं लग्न होतं. तुमच्याकडे हळद म्हणजे लग्नाहून मोठी. तू दोन दिवसांची सुट्टी मागितलीस, आणि मीच बाईसाहेबांना म्हटलं, जाऊ दे तिला, मी रजा टाकते. जाताना तू फाटकाशी थांबून मला सगळं पुन्हा सांगितलंस. लोणचं काढ. पानी अडलं तर आधी वाटी. मी हो हो म्हटलं. तू नवं लुगडं नेसली होतीस आणि केसांत अबोली होती. तुला तसं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

त्याच दुपारी ट्रान्सफॉर्मर जळाला. टाकीत होतं ते पाणी मी गाईला आणि कुत्र्यांना दिलं, कारण ती डोळ्यांसमोर होती. संध्याकाळी लग्नाचं पिंप आलं. मे महिना, रात्रभरात आंबून गेलं असतं. निवडायला बसायचा मला कंटाळा आला. भाताला ओल असतेच, एवढ्याने काय होतंय, असं म्हणून मी ते तसंच त्यांच्यापुढे ओतलं. लोणच्यासकट. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांच्या डोणीत थेंब नव्हता. तोंडं फेसाळली होती आणि निवटी कोरड्या चिखलाला जीभ लावत होती.

मग टँकर आला. मी पाइप ओढला आणि डोणी काठोकाठ भरली. वाटी माझ्या डोळ्यांसमोर टांगलेली होती, काकी. मी ती पाहिली. मला तुझं सांगणंही आठवलं. पण चौघांनी तोंडं बुडवली, तो पिण्याचा आवाज आला, आणि मला इतकं बरं वाटलं की मी पाइप बंदच केला नाही. तहानलेल्याला पाणी देतोय, याहून चांगलं ते काय, असं मनात म्हटल्याचं मला नीट आठवतं. लहान म्हणून कोळंबीला मी पुढे घेतलं, पोटभर पी म्हटलं.

तासादीड तासात निवटी गोल गोल फिरायला लागली. मग भिंतीला डोकं लावून ढकलत राहिली, जणू भिंतीपलीकडे जायचंय. कोळंबी कुत्र्यासारखी बसली आणि तिला झटके यायला लागले. डॉक्टर येईपर्यंत दोघी आडव्या झाल्या होत्या. डॉक्टरांनी डोणी पाहिली, पिंप पाहिलं. म्हणाले, पोटात मीठ आणि वर पाण्याचा खंड; अशा वेळी एकदम पाणी मिळालं की मेंदूला सूज येते. मग माझ्याकडे वळून विचारलं, "पाणी एकदम दिलंत का?"

मी म्हटलं, "नाही. थोडं थोडं दिलं."

एवढंच. मी आयुष्यभर सरकारी कागद हाताळले, लोकांची खोटी निवेदनं ओळखली, आणि माझ्या तोंडून ते इतकं सहज निघालं. जिताडा आणि चिंबोरी अंगाने मोठे म्हणून असेल, तगले. त्या दोघी पहाटे गेल्या.

तू दुपारी आलीस. हातांना अजून हळद होती. खड्डा खणून झाला होता, आणि आपल्याकडे जनावर पुरताना घालतात तसं कोणीतरी मिठाचं पोतं आणून ठेवलं होतं. तू ते उचलून बाजूला केलंस. म्हणालीस, मिठानं मेली, आता पुन्हा मीठ नको. मग त्यांच्यावर हाताने माती लोटलीस. उठून डोणीपाशी गेलीस. काठापासून पाण्यापर्यंत चार बोटांची ओली रेघ होती, म्हणजे काठोकाठ भरलेली डोणी चौघांनी चार बोटं उतरवली होती. तू ती रेघ बघत राहिलीस आणि मला विचारलंस, "किती प्याली?"

"थोडंच," मी म्हटलं.

तू माझ्याकडे पाहिलंस. वाटीकडे पाहिलंस. तिच्यावर धूळ होती. "बरं," म्हणालीस.

आणि मग तू सरळ बाईसाहेबांच्या खोलीत गेलीस. मी दाराशी होते. तू म्हणालीस, "पानी कसं द्यायचं त्ये मी नीट सांगून गेले नाय. चूक माझी हाय." बाईसाहेब रागावल्या तुझ्यावर, त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, त्यांना दोन जीव गेल्याचं दुःख होतं. त्यांनी नियम केला, हिराबाईंना मे महिन्यात सुट्टी नाही. तो कागद शेडच्या दाराच्या आत चिकटवला. अक्षर माझं. मला लिहायला सांगितलं आणि मी लिहिला.

खरं सांगू? पहिल्या दिवशी मला सुटल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून तुझा राग यायला लागला. तुला कोणी सांगितलं होतं माझ्यावर उपकार करायला? तू भांडली असतीस, चारचौघांत माझं माप काढलं असतंस, तर मी कबूल केलं असतं, असं मी स्वतःला समजावत राहिले. तू काही भांडली नाहीस. पुढच्या रविवारी माझ्यासाठी चहा ठेवलास, नेहमीपेक्षा गोड.

त्यानंतर मी मंगल कार्यालयाचं पिंप बंद केलं. तू का म्हणून विचारलं नाहीस.

तीन वर्षांनी उरणला तुझ्या नातीचं लग्न निघालं, नेमकं मे महिन्यात. तू बाईसाहेबांकडे विचारायला गेलीस तेव्हा मी तिथेच बसले होते. त्या म्हणाल्या, हिराबाई, मागचं आठवतंय ना. तू मान हलवलीस. मी हातातला कागद सरळ करत बसले. तुझ्या पोटच्या मुलीच्या मुलीची हळद झाली आणि तू इथे डुकरांना वाटीवाटीनं पाणी देत होतीस. लग्नाच्या दिवशी तेवढी दुपारच्या एसटीने जाऊन अक्षता टाकून आलीस. त्या रविवारी तू मला बुंदीचा लाडू आणलास. मी तो खाल्ला, काकी. तो कसा खाल्ला ते मलाच माहीत.

मग चिंबोरी म्हातारी होऊन गेली, आणि तू खोकायला लागलीस. सरकारी दवाखान्यात मी तुला तीनदा भेटले. तिसऱ्यांदा तुला ताप होता, डोळे मिटलेले. मी ठरवून आले होते की आज सांगायचं. खुर्ची जवळ ओढली, तुझा हात धरला. आणि तू डोळे न उघडता पुटपुटायला लागलीस, "वाटीनं दे... एकदम नाय... वाटीनं दे." मला वाटलं, तू मला बोलतेयस. इतक्या वर्षांनी, शुद्ध नसताना, मनातलं बाहेर येतंय. मी हात सोडवून घेतला आणि उठून निघून आले. दोन दिवसांनी तू गेलीस.

परवा तुझ्या दहाव्याला घरी गेले. सगळे उठून गेल्यावर तुझी सून, सुरेखा, माझ्याशेजारी येऊन बसली. तीच, तुला अंगणात दोन बादल्या घ्यायला लावणारी. रडून रडून तिचा आवाज बसला होता. ती म्हणाली, आई शेवटपर्यंत एकच बोलत होत्या, वाटीनं दे. मी मान खाली घातली. तर ती म्हणाली, "त्यांच्या मालकांसाठी. आमच्या सासऱ्यांसाठी."

मग तिने सांगितलं. तू विशी-बाविशीतली होतीस, तुझा मुलगा अजून रांगत होता. तुझा नवरा भर उन्हात दिवसभर मिठागरात राबून घरी आला. पाणी मागितलं. तू कळशी पुढे केलीस आणि त्याने ती तोंडाला लावून संपवली. तू आणखी दिलंस. तो दारातच कोसळला आणि उठला नाही. सासू म्हणाली, एकदम पाणी पाजून मारलंस. त्यानंतर गावात कोणी तुला कधी ते म्हणालं नाही, आणि तू कधी ते विसरली नाहीस. सुरेखाला एकदाच सांगितलं होतंस, ती पहिल्यांदा शेतावर पाणी घेऊन निघाली तेव्हा.

डोणीवरची ओली रेघ बघत तू त्या दुपारी एवढा वेळ का उभी होतीस, ते मला कळलं. मला वाटत होतं, तू माझी चूक बघतेयस. तू स्वतःला बघत होतीस. 'पाणी पाजून मारलंस' हे एक वाक्य माणसाच्या मागे जन्मभर कसं लागतं ते तुला ठाऊक होतं, आणि ते माझ्या मागे लागू नये म्हणून तू ते उचलून स्वतःवर घेतलंस. तुझ्याकडे तसंही एक होतंच.

आणि हे सगळं कळूनही काल मी सभेत माशांची नावं सांगितली.

आज सकाळी कचेरीत न जाता मी बाईसाहेबांकडे गेले. उभ्याउभ्याच सांगितलं. डोणी मी भरली, डॉक्टरांशी मी खोटं बोलले, हिराकाकीने मला सगळं नीट सांगितलं होतं. त्या चष्मा पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "नातीच्या हळदीला मी तिला जाऊ दिलं नाही." मी म्हटलं, हो. त्या उठल्या, काठी घेऊन शेडपर्यंत चालत आल्या, आणि दाराच्या आत पिवळा पडलेला माझ्या अक्षरातला तो कागद त्यांनी स्वतःच्या हाताने नखांनी खरवडून काढला. पूर्ण निघाला नाही. कोपरे अजून चिकटून आहेत.

मला माफ कर, काकी. हे म्हणायला आता काही लागत नाही, तू समोर नाहीस. पण मला छळतंय ते वेगळंच. त्या दुपारी तू विचारलंस, किती प्याली? तेव्हा मी खरं बोलले असते, तर मला वाटतं, तूही बोलली असतीस. तिथेच त्या खड्ड्याशेजारी बसून तू मला कळशीची गोष्ट सांगितली असतीस. आणि मी तुला सांगितलं असतं की तो माणूस उन्हाने गेला असेल, दिवसभराच्या राबण्याने गेला असेल, तुझ्या पाण्याने गेला हे कोणत्या डॉक्टरने सांगितलं? आणि तसं असलं तरी, तहानलेला नवरा दारात आला आणि तू त्याला पाणी दिलंस, यात तुझा काय गुन्हा, काकी? हे तुला दुसरं कोणी म्हटलं असतं तर तू ऐकलं नसतंस. माझं ऐकलं असतंस. काठोकाठ भरलेली डोणी माझ्या हातची होती.

तू माझं ओझं घेतलंस, आणि तुझं उतरवून ठेवायची एकच जागा होती, ती मी बंद करून टाकली.

बाईसाहेब खोलीत परतल्यावर मी शेडमध्ये थांबले. मोटर काल संध्याकाळपासून बिघडलेली, जिताड्याची डोणी कोरडी होती. मोटर दुरुस्त झाली, पाणी आलं, आणि तो म्हातारा धडपडत उठला. मी वाटी काढली, पदराने पुसली, भरली. त्याने ती एका दमात संपवली आणि वर माझ्याकडे बघत राहिला. मी तंबाखू खात नाही. म्हणून तेवढा वेळ तुझं नाव घेत बसले, आणि मग दुसरी वाटी भरली.